एकीनं नाही म्हणून भागत नाही

निरोध कसा वापरायचा हे सांगण्याचे मला पैसे मिळायचे. पगार नव्हे, मानधन; एड्स नियंत्रणातले आम्ही सगळे कंत्राटीच. सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक्स-रेच्या खोलीपलीकडे आमचं आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशनाचं आणि चाचणीचं केंद्र. टेबलावर लाकडी मॉडेल, भिंतीवर लाल रिबिनीचं पोस्टर, कपाटात रजिस्टरांची चळत. चाचणीआधी समुपदेशन, चाचणीनंतर समुपदेशन, मधे संमतीची सही नाहीतर अंगठा. गरोदर बायका यायच्या, टीबीचे पेशंट यायचे, ट्रकवाले, लग्न ठरल्यावर घाम फुटलेली पोरं, आणि ठरलेल्या वारी वेश्यावस्तीतल्या बायका.

गावाचं नाव लिहीत नाही. सांगली-कोल्हापूर पट्टा, एवढं पुरे. त्याहून जास्त लिहिलं तर गल्ली ओळखू येईल आणि गल्लीतल्या बायकांना आधीच ओळखीचा पुरेसा ताप आहे.

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वेश्यावस्तीवर धाड, ओढण्यांनी तोंडं झाकून गाडीत चढणाऱ्या बायका, खाली ‘महिलांची सुटका’ असं ठळक अक्षरात. त्यावर जोडलेल्या हातांची रांग. माझ्या मावसभावानं लिहिलं, ‘यांना कुणीतरी नीट शिकवायला पाहिजे, म्हणजे सुधारतील.’ ग्रुपवर मी भांडत नाही. इथं लिहिते.

शिकवायचं म्हणजे काय, ते मी केलेलं आहे. आमच्या प्रशिक्षणात सगळा भर माहितीवर असायचा. रोग कसा होतो हे माणसाला कळत नाही म्हणून तो काळजी घेत नाही, कळलं की घेईल, असा सरळ हिशोब. फ्लिपचार्ट त्याच हिशोबानं छापलेले. कॉलेजातल्या पोरांना ते ठीक. पण वस्तीतल्या बाईला निरोधाबद्दल मी काय सांगणार? दारू प्यालेल्या माणसाला पत्ता लागायच्या आत, अंधारात, एका हातानं ती तो चढवते. मी मॉडेल पुढं सरकवलं की बायका पदराआड हसायच्या आणि एखादी म्हणायची, “द्या हिकडं मॅडम, आमी दावतो.”

खरी अडचण भावाची असते. गिऱ्हाईक म्हणतं, निरोध नको, शंभर जास्त घे. ही म्हणते, जमणार नाही. ते शेजारच्या दारात जातं. शेजारणीची त्या दिवशी बोहनी झालेली नसते, पोराची फी तटलेली असते, घरवालीचं, म्हणजे जिची खोली त्या बाईचं, व्याज चढत असतं. ती घेते. दुसऱ्या दिवशी ही पण घेते. रोगाची माहिती दोघींना पाठ असते.

आमच्या भागात हे समजायला ऊस पुरतो. दर ठरल्याशिवाय फडाला कोयता लावू देणार नाही, असं एकट्या शेतकऱ्यानं ठरवलं तर कारखान्याचं काय अडतं? तो शेजारच्या रानातला ऊस नेतो आणि ह्याचा उभ्या जागी वाळतो. अख्ख्या शिवारानं ठरवलं, की मग साहेब बोलणी करायला बसतात. निरोधाचंही असंच आहे. गल्लीतल्या एका बाईनं निरोधाशिवाय नाही म्हटलं तर तिचं गिऱ्हाईक जातं. सगळ्या दारांनी म्हटलं तर गिऱ्हाईक निरोध वापरतं, कारण त्याला जायला दार उरत नाही. हे सगळ्या दारांना एका दिवशी म्हणायला लावणं, ही कला ना डॉक्टरला येते ना समुपदेशकाला.

ती आक्काला येते. आक्का त्या वस्तीतली पिअर. म्हणजे स्वतः धंद्यात असलेली आणि बाकीच्या बायकांची जबाबदारी घेतलेली बाई. सरकारी हिशोबात एका पिअरमागं ६० बायका. आक्काचं नाव आणि तिच्या संघटनेचं नाव, दोन्ही मी मुद्दाम घेत नाही. कपाळभर कुंकू, खांद्याला खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, पिशवीत निरोधची पाकिटं आणि एक डायरी. लिहिता-वाचता येत नाही, पण डायरी भरलेली. प्रत्येक बाईपुढं खुणा. पूर्ण गोल म्हणजे महिन्याची तपासणी झाली, अर्धा गोल म्हणजे क्लिनिकच्या दारापर्यंत येऊन परत गेली, उभी रेघ म्हणजे नवा ‘मालक’, म्हणजे कायमचा माणूस, धरलाय, फुली म्हणजे घरात मारहाण चालू आहे. आमच्या कार्यक्रमात पिअरांसाठी चित्रांचे तक्ते असतात, आक्कानं त्यात आपली भर घातलेली. तालुक्याचा डेटा ज्या संगणकात भरला जायचा त्यात मारहाणीचा रकाना नव्हता. डायरीत होता.

एकदा आम्ही वस्तीजवळच्या देवळाच्या मंडपात संध्याकाळचं शिबिर लावलं होतं. मी रक्ताच्या नळ्यांवर चिकटपट्ट्या लावत बसले होते. समोर पांढरा शर्ट घातलेला एक माणूस एका दारातून दुसऱ्या दारात जात होता. पहिल्या दारात नकार. दुसऱ्या दारात नकार. तिसऱ्या दारात एक नवी पोरगी, बावीस-तेवीसची असेल, ती घुटमळली. आक्का पायरीवर लसूण सोलत बसली होती. मान वर न करता मोठ्यानं म्हणाली, “काय म्हणतोय गं त्यो?” एवढंच. चार दारांतून चार डोकी बाहेर आली. पोरगी म्हणाली, “काय न्हाई आक्का, पाकीट मागतंय.” माणसानं पाकीट घेतलं. मी आणि लॅबवाला भाऊ नळ्यांकडं बघत हसू दाबत होतो.

त्याआधी आक्कानं महिनाभर घरवाल्यांची मनधरणी केली होती, हे शिबिरात दिसत नाही. घरवालीला गिऱ्हाईक परत गेलेलं परवडत नाही. आक्काचा युक्तिवाद आरोग्याचा नव्हताच. “बाई आजारी पडली तर खोलीचं भाडं कोन देनार? तू दवापान्याला पैसं घालनार हायस का?” असा रोकडा. एक घरवाली ऐकेना तेव्हा बाकीच्या बायकांनी दोन दिवस तिच्या दारातलं पाणी भरणं बंद केलं. मला हे योग्य वाटलं का? खरं सांगायचं तर त्या वेळी मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आज विचाराल तर म्हणेन, चांगलं केलं.

ही रीत आपल्याकडं नवी नाही. १९९२ साली सांगलीच्या गोकुळनगरात मीना शेषू यांच्या ‘संग्राम’नं, म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेनं, एचआयव्हीचं काम सुरू केलं. निरोध बाहेरच्या कार्यकर्त्यांनी वाटायचे नाहीत, बायकांनीच बायकांना द्यायचे, ही त्या कामाची दिशा. त्यातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. सगळे तिला व्हॅम्प म्हणतात. पश्चिम महाराष्ट्र आणि खाली उत्तर कर्नाटक असा तिचा पसारा. १९९२ सालीच तिकडं कोलकात्यात सोनागाछीत डॉ. स्मरजित जाना यांनी काम धरलं. ते सार्वजनिक आरोग्यातले. गिरणी कामगाराच्या फुप्फुसाकडं जसं त्याच्या कामाच्या जागेमुळं झालेला आजार म्हणून बघायचं, तसंच इथं बघायचं, अशी त्यांची पद्धत. मग कामाची जागा, तिथला मालक, तिथला पोलीस, हे सगळं आपोआप तपासणीत येतं. तिथं १९९५ मध्ये ‘दुर्बार महिला समन्वय समिती’ झाली आणि बायकांनी ‘उषा’ नावाची स्वतःची पतसंस्थाही काढली, कारण बँक खातं उघडेना आणि सावकार सोडेना. जाना २०२१ मध्ये कोविडनं गेले.

देशभरातल्या या बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण २००७ च्या सुमारास ५ टक्क्यांच्या आसपास होतं, २०१७ च्या पाहणीत ते १.५६ टक्के आलं. त्याचं श्रेय कुणी गोळ्यांना देतं, कुणी सरकारी कार्यक्रमाला. दोन्हीचा वाटा आहेच. पण गोळी बाईपर्यंत आणि बाई गोळीपर्यंत कोण नेतं, हे मी रोज खिडकीतून बघत होते.

आता औषधांचंच एक सांगते. गुप्तरोगांसाठी सरकारी किट येतात, रंगावरून ओळखायची. करडं किट क्रमांक एक, हिरवं दोन, पिवळं सहा. अंगावरून पांढरं जाणं, खाज, वास, यासाठी हिरवं. त्यात सेक्निडॅझोलच्या गोळ्या असतात. ते घेतल्यावर २४ तास दारू प्यायची नाही, असं आम्ही सांगायचं. सांगितलं की आमचं काम झालं. पण बाईनं गिऱ्हाइकाबरोबर दोन घोट घेतले नाहीत तर ते बसत नाही, खर्च करत नाही. म्हणून बायका किट घ्यायच्या, पिशवीत टाकायच्या आणि ‘उद्या घेईन’ म्हणत दोन आठवडे फिरायच्या. डॉक्टर म्हणणार, यांना शिस्त नाही. आक्कानं काय केलं, आठवड्याच्या बाजाराचा दुसरा दिवस धरला. त्या दिवशी गल्लीत शुकशुकाट असतो. ज्यांची ज्यांची हिरवी किटं असतील त्या सगळ्या त्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत जेवायच्या आणि तिच्यासमोर गोळ्या घ्यायच्या. संध्याकाळी कुणी आलंच तर “आज उपास हाय” म्हणायचं. उपास म्हटल्यावर गिऱ्हाईकसुद्धा नमस्कार करून जातं, असं ती मला गंभीर चेहऱ्यानं सांगायची.

ओपीडीच्या वेळेचंही तसंच. सकाळी नऊ ते बारा. रात्रभर जागलेली बाई तेव्हा झोपलेली असते. पिअरांनी अर्जांवर अर्ज करून दुपारची एक वेळ मिळवली. तीसुद्धा नवे अधिकारी आले की बंद व्हायची आणि पुन्हा अर्ज.

सगळं जमतं असं मात्र नाही. ‘मालक’ हा विषय आक्कालाही जड जातो. मालक म्हणजे बाईचा कायमचा माणूस, लग्नाचा नव्हे पण नवऱ्यासारखा. गिऱ्हाइकाबरोबर निरोध, मालकाबरोबर नाही. निरोध काढला म्हणजेच हा माझा, असं ते गणित. इथं गल्लीची एकी चालत नाही, कारण मालकाला दुसऱ्या दारात जायचंच नसतं. माझ्या खोलीत रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींना एचआयव्ही मालकाकडूनच आलेला. आक्का एवढंच करू शकायची, की मालकालाही तपासणीला आणायचं. आणायची पण. एकाला तर पान खायला घालते म्हणून आणलं आणि थेट माझ्या खुर्चीपुढं बसवलं. संमतीशिवाय चाचणी करता येत नाही हे मी त्याला सांगत होते तेव्हा आक्का दारात उभी राहून म्हणाली, “संमती हाय त्याची. न्हाई का वं?” त्या दिवशी मी त्याची चाचणी केली नाही, परत पाठवला. पुढच्या आठवड्यात आपण होऊन आला.

दवाखान्यातली वागणूक हा वेगळाच अध्याय आहे. वस्तीतली बाई एकटी आली की केसपेपरपासून सुरुवात. पत्ता ऐकला की कारकुनाचा आवाज बदलतो. म्हणून पिअरांचा नियम: एकटीनं जायचं नाही, दोघी नाहीतर तिघींनी. एका मोठ्या दवाखान्यात (नाव राहू दे) एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला कळा चालू असताना ‘इथं सोय नाही’ म्हणून दुसरीकडं जायला सांगितलं. सोय होती, त्याच वॉर्डात आम्ही बाळाला द्यायचं औषध ठेवलेलं होतं. आक्का आणि अजून एक बाई वॉर्डच्या दारात फतकल मारून बसल्या. आक्काच्या पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एचआयव्ही कायद्याची मराठी प्रत असते. २०१७ चा कायदा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. उपचारात भेदभाव करायला त्यात मनाई आहे. तिला वाचता येत नाही, पण कुठल्या पानावर काय आहे ते माहीत. पान दुमडून ठेवलेलं. तिनं ते सिस्टरपुढं धरलं आणि म्हणाली, “वाचा की वं जरा मोठ्यानं, मलाबी ऐकायचंय.” बाळंतपण तिथंच झालं. मुलगी. बाळाचा अठरा महिन्यांनंतरचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मी अजून नोकरीत होते.

पोलिसांचं काय विचारता. निरोधची पाकिटं आम्हीच द्यायची आणि तीच पाकिटं पंचनाम्यात धंद्याचा पुरावा म्हणून यायची. धाडीची कुणकुण लागली की बायका सगळी पाकिटं गटारात टाकायच्या, आणि पुढचे दोन-तीन दिवस गल्ली निरोधाविना. खोकं घेऊन जाणाऱ्या पिअरलाच चौकीत बसवून ठेवल्याचे प्रसंग झालेत. १९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं बुद्धदेव कर्मास्कर खटल्यात आदेश दिला, की आरोग्यासाठी वापरलेली साधनं, म्हणजे निरोध वगैरे, पुरावा धरू नयेत. पोलिसांनी सन्मानानं वागावं, अत्याचार झालेल्या बाईला वैद्यकीय मदत द्यावी, बातम्यांत चेहरे दाखवू नयेत, हेही त्यात आहे. (ग्रुपवरचा तो व्हिडिओ म्हणूनच मला जास्त लागला.) तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘वेश्याव्यवसाय कायदेशीर झाला’ अशा बोंबा उठल्या होत्या. तसं काही झालेलं नाही. स्वतःच्या मर्जीनं हे काम करणं आधीही गुन्हा नव्हता. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, उघड्यावर गिऱ्हाईक बोलावणं, कुणाच्या तरी कमाईवर जगणं, असल्या आजूबाजूच्या गोष्टींचा. धाडीत सापडलेल्या सज्ञान बाईला अटक करू नये, या शिफारशीला केंद्रानं हरकत घेतली होती, त्यामुळं ती आदेशात आलीच नाही.

कमाईवर जगणं, हे कलम चार. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यातलं. अठरा वर्षांवरचा कुणीही जाणूनबुजून अशा बाईच्या कमाईवर जगला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. दलालासाठी केलेलं कलम, पण शब्द ‘कुणीही’ असेच आहेत. आक्काचा मुलगा डिप्लोमा करतो. फी आक्का भरते. अठरा पूर्ण झाल्यापासून तो आईच्या हातचं जेवतो तेही कुणी ठरवलं तर या कलमात बसवता येईल. ह्या मुलांसाठी व्हॅम्पनं निपाणीत ‘मित्रा’ वसतिगृह काढलं. शाळेत घालताना बापाचं नाव कुठलं लावायचं इथपासून त्यांची लढाई सुरू होते.

२०२० च्या मार्चात गल्ली एका रात्रीत बंद झाली. सगळ्यांचे रोजगार गेले, पण ‘काम बंद’ म्हणून सांगायचीही यांना सोय नव्हती. रेशनकार्ड असलेल्या थोड्या. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओळखपत्राचा आग्रह न धरता यांना कोरडा शिधा द्या असं सांगितलं. नोव्हेंबरात महाराष्ट्र सरकारनं महिना ५,००० रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर आणखी २,५०० असं जाहीर केलं, ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी. चांगलंच होतं. पण पैसे खात्यावर जायला यादी लागते, आणि यादीत नाव घालायचं म्हणजे सरकारी कागदावर आपण कोण ते उमटणार. गावाकडं ‘कंपनीत कामाला आहे’ सांगून पैसे पाठवणाऱ्या बायकांनी नावं द्यायला नकार दिला. तिथंही दारोदार फिरून, कुणाचं नाव घालायचं, कुणाचं नाही, कुणाला बाकीच्यांच्या वाट्यातला शिधा द्यायचा, हे पिअरांनीच ठरवलं. आम्ही ऑफिसातून नुसते फोन करत होतो.

एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या तर अक्षरशः दुधाच्या टेम्पोतून गेल्या. गावी अडकलेल्या बायकांना एक दिवसही खंड पडून चालत नाही. बाटलीवरचं लेबल खरवडून, आत कापूस दाबून म्हणजे गोळ्या वाजणार नाहीत, वरून ‘कॅल्शियम’ अशी चिठ्ठी. ती चिठ्ठी माझ्या अक्षरातली.

आधारचं कोडंही २०२२ च्याच आदेशानं थोडं सुटलं. भाडेकरार नाही, लाइटबिल घरवालीच्या नावावर, मग पत्ता कुठला दाखवायचा? न्यायालयानं मान्य केलं की नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, राजपत्रित अधिकाऱ्यानं किंवा राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकानं प्रमाणपत्र दिलं तर आधार मिळेल, आणि तिचं काम काय हे त्यातून कुठं कळता कामा नये. आधार केंद्रावरचा पोरगा ते प्रमाणपत्र हातात धरून मोठ्यानं वाचायला लागला तर तो आदेश तिथंच संपतो, म्हणून आक्का केंद्रावर आधी स्वतः जाऊन त्या पोराशी बोलून येते.

आता ती सुटका. मावसभावाला मी फोनवर एवढंच विचारलं, गाडीत घातलेल्या बायका पुढं कुठं जातात माहीत आहे का? नव्हतं. सुधारगृहात जातात. सज्ञान असली तरी घरचं कुणीतरी ताबा घ्यायला यावं लागतं, म्हणजे ज्या घरापासून हे लपवलं त्याच घराला निरोप जातो. तिथं काही आठवडे, काही महिने. इकडं मुलं शेजारणीकडं, व्याज चढतंय, एआरटीची तारीख टळलेली. बाहेर आल्यावर वकिलाचे पैसे अंगावर, म्हणून पुन्हा त्याच गल्लीत, आधीपेक्षा जास्त कर्जात, आणि निरोधाशिवाय नाही म्हणायची ऐपत कमी. संग्रामनं २०१८ मध्ये धाडीत नेलेल्या २४३ बायकांशी बोलून अहवाल केला. त्यातल्या १९३ जणींनी सांगितलं की आम्ही मर्जीनं इथं होतो, सुटका मागितली नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांनी अशाच तीन तरुणींना सोडायला सांगितलं: त्या सज्ञान आहेत, कुठं राहायचं आणि काय काम करायचं हे त्या ठरवतील.

मग त्या उरलेल्या पन्नास जणींचं काय? मावसभावानं विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. फसवून आणलेल्या, कोवळ्या पोरी असतातच. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलीही शंका नाही, तिथं पोलीस हवेतच. पण नवा चेहरा गल्लीत रात्री आला की तो पहिल्यांदा दिसतो शेजारच्या दारातल्या बाईला; समाजसेवी संस्थेच्या गाडीला सहा महिन्यांनी. व्हॅम्पच्या वस्त्यांमध्ये तंटामुक्ती समित्या आहेत, सोनागाछीत दुर्बारची स्वनियंत्रण मंडळं आहेत. त्यांचं एक काम हेच: नवी आलेली कोण, वय काय, मर्जीनं आलीय का. आमच्या गल्लीतून एका पोरीला आक्कानंच बालकल्याण समितीपुढं नेलं होतं. कॅमेरा नव्हता, म्हणून बातमी नाही. आणि ज्या बायका धाडीत तोंड झाकून गाडीत बसतात, त्या पुढच्या वेळी असली खबर द्यायला पोलीस ठाण्याची पायरी चढतील का?

पैशाचंही राजकारण असतं. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यात अट होती, की त्यांचा एड्स निधी हवा असेल तर वेश्याव्यवसायाला विरोध हे आपलं धोरण असल्याचं संस्थेनं लिहून द्यायचं. २००५ मध्ये संग्रामनं तो निधी नाकारला. ज्या बायकांबरोबर काम करायचं त्यांच्याच विरोधात सही करून त्यांच्यासाठी निरोध आणायचे, हे कसं जमणार?

आता मात्र गल्लीच पातळ होत चालली आहे. आक्का परवा फोनवर तेच सांगत होती. जुन्या खोल्या पाडून कॉम्प्लेक्स होताहेत, नव्या बायका मोबाइलवर धंदा करतात, गिऱ्हाईक लॉजचा पत्ता पाठवतं, ही रिक्षानं जाते. लॉजच्या खोलीत ही एकटी. तिथं “काय म्हणतोय गं त्यो?” म्हणून ओरडायला पायरीवर कुणी नाही. शंभर जास्त घे म्हटल्यावर नाही कुणाच्या जोरावर म्हणायचं? पिअरांनी त्यावर एक ग्रुप काढलाय. लिहिता येत नसल्यामुळं सगळे आवाजी निरोप. मारहाण करणारा, पैसे बुडवणारा, निरोध काढून टाकणारा, अशा गिऱ्हाइकांचे नंबर त्यावर येतात आणि आक्का ते आकडे एकेक करून बोलते, दोनदा. लॉजवर पोचल्याचा आणि निघाल्याचा निरोप टाकायचा असा नियमही केलाय. निम्म्या पाळतात.

प्रकल्पाच्या नोंदी मात्र अजून हॉटस्पॉटनुसार चालतात: अमुक गल्ली, अमुक स्टँड, अमुक चौक. मोबाइलवरच्या बाईला कुठल्या हॉटस्पॉटात लिहायचं, हा प्रश्न आक्कानं आढावा बैठकीत उभं राहून विचारला. साहेब म्हणाले, तसा रकाना नाही. आक्का म्हणाली, “मग पाडा की रकाना.” साहेबांनी पुढच्या तिमाहीत बघू म्हणून सांगितलंय. तोवर डायरीत तिनं त्या बायकांसाठी एक नवी खूण काढलीय, चौकोनात टिंब.